आवाज शून्यावर होता

ही गोष्ट मी कुठल्या ग्रुपवर वाचलेली नाही. ज्याच्यावर गुदरली तो माणूस, मी हे लिहितोय तेव्हा, माझ्याच ओसरीत बसलाय. त्याला विचारून, त्याच्या तोंडून तीन-तीनदा ऐकून मग लिहायला घेतलं. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

भुतं रात्रीची येतात म्हणतात.

हे भर दुपारी घडलं.

गुरुवार, १६ मे २०१९. औरंगाबाद, पुंडलिकनगर. शहराचं नाव तेव्हा बदललेलं नव्हतं आणि पाऊस नीट पडलेला नव्हता. नळाला सहाव्या, कधी सातव्या दिवशी पाणी यायचं. तेही कधी, याचा नेम नाही. पहाटे येईल, टळटळीत दुपारी येईल, पाऊण तास चालेल आणि जाईल. तेवढ्यात तुम्ही भांडी लावली नाहीत, तर पुढचा आठवडा टँकरमागं पळा.

मंदार माझा आतेभाऊ. तेव्हा एकतीस वर्षांचा. मोबाइलची अ‍ॅप बनवायचा, घरूनच, वरच्या खोलीत बसून. खाली त्याची आई, म्हणजे माझी अनसूयाआत्या. मंदारचे वडील जाऊन सहा वर्षं झालेली. आत्याचं हृदय नाजूक. भांडं पडलं तरी छातीला हात लावायची. मंदारसाठी मुली बघणं चालू होतं. मुलीकडचे आधी पगार विचारायचे, मग तुमच्याकडं नळ किती दिवसांनी येतो ते विचारायचे. दुसऱ्या प्रश्नाला घोडं अडायचं.

त्या गल्लीत गोजरबाई नावाची एक बाई होती. मूळची करमाडकडची. साठी ओलांडलेली, एकटी, चार घरची धुणीभांडी करायची. तिची खोली गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळं पाणी सगळ्यात आधी तिच्या नळाला. पहिली धार पडली की ती पदर खोचून रस्त्यात यायची...

"नळ आलाऽऽ! नळ आलाऽऽ!"

सगळी गल्ली या हाकेवर उठायची. घड्याळ चुकेल, गोजरबाई चुकणार नाही, असं आत्या म्हणायची.

मग गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नवी इमारत उठायला लागली. बिल्डरनं पाण्यासाठी बोअरची गाडी आणली. चारशे फूट गेले, सहाशे गेले, नुसता धुरळा. एक बोअर कोरडा गेला की गाडी चार पावलं सरकायची आणि दुसरा सुरू. दिवसभर ती घरघर. शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागायचं.

हाक कोणाला ऐकू येईना.

तेव्हा मंदारनं एक साधं अ‍ॅप बनवलं. नावही तेच ठेवलं, 'नळ आला'. आपला जुना फोन त्यानं गोजरबाईला दिला. पडद्यावर एकच मोठं निळं बटण. ते दाबून बोललं की गल्लीतल्या अठ्ठावन्न फोनांवर तिचा आवाज वाजायचा.

"एकदा रेकॉर्ड करून ठेवू, मावशी," तो म्हणाला होता. "दरवेळी बोलायला नको तुम्हाला."

"नाय बाबा," ती म्हणाली. "कधी धार बारीक आसती, कधी पाणी गढूळ आसतंय. ते त्या मशीनला काय ठावं? म्या बोलते की. मला काय वझं हाय का?"

आवाजाचं काम मात्र मंदारनं मन लावून केलं. फोन सायलेंटवर असला तरी अ‍ॅपनं आवाज वाढवायचा. पण एकदम नाही. ते आत्याचं म्हणणं. "मेल्या, एकदम ओरडलं की धस्स होतं रे माझ्या छातीत. हळूहळू मोठा कर." मग त्यानं कोडमध्ये दहा पायऱ्या ठेवल्या. शून्य पॉइंट एक, शून्य पॉइंट दोन, असं करत एकपर्यंत. एक म्हणजे पूर्ण आवाज.

गल्ली खूश. गोजरबाई तर फोन गळ्यातल्या पिशवीत घालून मिरवायची.

एकदाच घोळ झाला. मंदारची सिंगापूरच्या लोकांबरोबर मीटिंग चालू होती, आणि मध्येच त्याचा फोन ठणाणा करायला लागला. "नळ आलाऽऽ! आज लई जोर हाय, भरून घ्याऽऽ!" पलीकडचे हसले. त्याचा साहेब हसला नाही. "पुन्हा असं झालं तर विचार करावा लागेल," एवढंच म्हणाला.

मंदारनं त्याचा धसका घेतला.

पुढची मीटिंग १६ मेला, दुपारी एक वाजता. पाणी दुसऱ्या दिवशी यायचं होतं, पण नेम नव्हता. म्हणून पावणेएकला त्यानं कोडमध्ये एक ओळ टाकली. सेट व्हॉल्यूम, कंसात शून्य. आपल्यापुरती, तासाभरापुरती. मीटिंग झाली की काढून टाकायची.

घाईत त्यानं ते नवं अ‍ॅप आपल्या फोनवर टाकायच्या ऐवजी सगळ्यांसाठी सोडलं.

त्याला कळलंच नाही. त्यानं कानाला हेडफोन लावले.

खाली, त्याच घराच्या बाजूच्या बोळात, गोजरबाई हौदात उतरली होती. जमिनीतला हौद, झाकणापासून तळ सहा फूट. पाणी तळाला गेलं होतं, गाळ साचला होता. आत्यानंच सांगितलं होतं, उद्या नळ यायच्या आत हौद धुऊन घे. लाकडी शिडी लावून दिली आणि आत्या घरात जाऊन पडली. तिला डुलकी लागली.

शिडी सरकली. गोजरबाई खाली पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

आणि मग... त्या दिवशी, एक दिवस आधीच... नळ आला.

हौदाच्या पाइपातून धार सुरू झाली.

वर बोअरची गाडी घरघरत होती.

गोजरबाईच्या गळ्यात फोन होता. तिनं निळं बटण दाबलं.

एक वाजून बारा मिनिटांपासून एक वाजून त्रेपन्न मिनिटांपर्यंत. एकेचाळीस मिनिटं ती बोलत होती. अठ्ठावन्न फोन वाजत होते. उशाशी, खिशात, ओट्यावर, एकीच्या तर हातात, ती दुसरंच काही बघत होती तेव्हा.

सगळे शून्यावर.

संध्याकाळी गल्ली नुसती चिडलेली. नळ येऊन गेला आणि कोणाला पत्ता नाही. समोरच्या आशाबाई तर दारात उभ्या राहून बोलत होत्या, "कुठं उलथली ही गोजरबाई? फोन गळ्यात घालून फिरायला पाहिजे फक्त!"

पाच वाजता आत्यानं हौदात बादली सोडली.

बादली बुडाली नाही...

कशावर तरी टेकली.

लोक म्हणाले, तोल गेला, डोक्याला लागलं, जागीच गेली. फोन पाण्यात मेला होता. कोणी कोणाला काही विचारलं नाही. करमाडहून तिचा पुतण्या बन्सी आला, कोपऱ्यात बसून रडला आणि गेला.

मंदारनं त्या रात्री अ‍ॅपच्या नोंदींचा लॉग उघडला. अठ्ठावन्न ओळी. प्रत्येक ओळीत तेच. चालू, चालू, चालू. व्हॉल्यूम शून्य.

मला सांगताना तो एवढंच म्हणाला, "दादा, आवाज शून्य केला की लोकांना वाटतं बंद झाला. बंद होत नसतो. तो चालूच असतो. बंद करायची ओळ वेगळी असते, आणि मी ती लिहिली नव्हती."

सर्व्हरवर तिच्या बोलण्याची फाइल होती. एकेचाळीस मिनिटांची. ऐकायची त्याची छाती झाली नाही. त्यानं ती पुसली. अ‍ॅप बंद केलं, सगळ्यांच्या फोनवरून काढायला लावलं. आईलाही काही सांगितलं नाही. भित्रा होता तो. माझा भाऊ असला तरी भित्राच म्हणणार.

सात दिवसांनी नळ आला.

मंदार वरच्या खोलीत होता. टेबलावरचा फोन आपोआप उजळला... आणि आवाजाची पट्टी दिसली. कोणी बटण दाबलेलं नव्हतं.

एक काडी चढली होती.

त्यानं फोन कानाला लावला. काहीच नव्हतं. मग खूप लांबून, खूप खोलातून...

पाण्याची धार.

दुसऱ्या नळाला दोन काड्या. धारेबरोबर आता कोणीतरी श्वास घेत होतं. तिसऱ्या नळाला त्यानं फोन बंद करून कपाटात गोधडीखाली ठेवला. तरी ऐकू आलं. फोनमधून नाही, त्याच्या कानातच. चौथ्या वेळी शब्द लागले.

"मंदारबाबा... शिडी..."

तो माझ्याकडं दौलताबादला पळून आला. दोन दिवस राहिला. तिसऱ्या दुपारी जेवता जेवता त्याचा घास हातातच राहिला. मी आत्याला फोन केला तेव्हा कळलं, पुंडलिकनगरला तेव्हाच नळ आला होता. ती पाचवी वेळ.

आणि एक गोष्ट होती. ती त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला.

त्याला वाटलं बोअरची गाडी आता लांब गेली. घरघर कमी झाली होती. परत गेल्यावर आत्याला म्हणाला, "बरं झालं, मशीन हळू केलं त्यांनी."

आत्या म्हणाली, "हळू? डोकं उठलंय माझं सकाळपासून!"

मग कुकरची शिट्टी ऐकू येईना. दाराची बेल ऐकू येईना. कानाच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं तपासून सांगितलं, कान ठणठणीत आहेत.

गाडीवर घरी येताना त्याला कळलं. लग्नातला डीजेवाला गाणं बदलतो ना, एक हळूहळू चढवतो, दुसरं हळूहळू उतरवतो. तसं चाललं होतं. गोजरबाईचा आवाज दर नळाला एक पायरी चढत होता आणि बाकी सगळ्या जगाचा एक पायरी उतरत होता.

दहा पायऱ्या त्यानंच लिहिल्या होत्या.

त्याला स्वतःची भीती नव्हती. मला त्यानं शपथेवर सांगितलं आणि मी ते मानतो. भीती होती आईची. कारण नळ आला की आत्या आता बोळात जाऊन हौदाच्या झाकणाजवळ बसायला लागली होती.

आम्ही लहान होतो तेव्हा हीच आत्या सांगायची, दुपारी कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. ओळखीचा आवाज असला तरी नाही. तीन हाका होऊ द्याव्यात, मग तोंड उघडावं. तीच आत्या आता झाकणावर हात ठेवून पहिल्याच हाकेला म्हणायची...

"ओ... आले गं गोजरबाई."

"आई, कोणाला ओ देतेस?"

"बोलावते ती. तुला नाही ऐकू येत?"

आठव्या नळानंतर मंदारनं तिला सगळं सांगितलं. ती ओळ, ते शून्य, एकेचाळीस मिनिटं, पुसलेली फाइल. तोवर त्याला आईचं बोलणं फार बारीक ऐकू यायचं. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"मी तिला उतरवलं," ती म्हणाली. "आणि तू तिला गप्प केलंस."

ताट वाढलं, ते तसंच राहिलं.

जुलैचा शेवटचा आठवडा. पाऊस नव्हताच, नुसतं आभाळ यायचं आणि जायचं. नववा नळ होऊन गेला होता. दहाव्या नळाची मंदारनं तयारी केली. हौदाच्या झाकणाला साखळी घातली, कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात. शिडी तोडून फेकून दिली. आईला बोळात जाऊ द्यायचं नाही. हात धरून बसायचं. एवढे दिवस तो तिच्यापासून पळत होता, आता नाही.

त्याच सकाळी बोअरची गाडी गेली. सगळे बोअर कोरडे. बिल्डरनं नाद सोडला. तीन-चार महिन्यांनी पहिल्यांदा गल्ली शांत झाली. आशाबाई नंतर म्हणाल्या, कोणाच्या घरात चमचा पडला तरी समोर ऐकू यायचं.

मंदारला यातलं काही कळलं नाही. त्याचं जग एका काडीवर होतं.

दुपारी एक वाजता त्यानं आईला पलंगावर बसवलं. स्वतः खाली जमिनीवर बसला, पाठ पलंगाला टेकून, तोंड दाराकडं. म्हणजे ती उठली तरी त्याला ओलांडून जावं लागेल.

बारा मिनिटांनी...

"नळ आलाऽऽ!"

पूर्ण आवाज. त्याचं डोकं फुटायची वेळ आली. त्यानं डोळे गच्च मिटले, हात कानांवर दाबले. उपयोग काहीच नव्हता, आवाज आतूनच होता. आईचा हात त्याच्या हातातून सुटला.

त्यानं सगळं ऐकलं. एकेचाळीस मिनिटं. जे त्यानं पुसलं होतं ते सगळं.

"मंदारबाबा, शिडी सरकली रं... खाली ये जरा..."

"अनसूयाबाई... आवो बाई..."

"आशाबाई, आइकताव का? पाय नाय हालत वं माझा..."

"कमरंला आलं पाणी..."

तो शिव्यांची वाट बघत होता. शापाची वाट बघत होता. तिनं शाप दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं, असं तो म्हणतो. पण पस्तीसएक मिनिटांनी तिच्या हाका थांबल्या. कोणी येत नाही हे तिला उमगलं असावं. थोडा वेळ नुसती धार. मग दमलेल्या आवाजात, रोजच्यासारखंच...

"धार चांगली हाय आज... आंदी प्यायचं भरून घ्या... मंग सांडायचं-वापरायचं... जाईल बरं का नळ... भरून घ्या समद्यांनी..."

आणि मग पाणी.

आणि मग काहीच नाही.

मंदारनं डोळे उघडले. कानांवरचे हात काढले. बाहेर चिमण्या ओरडत होत्या. पंखा करकरत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. सुटलो, असं त्याच्या मनात आलं, आणि तो रडला.

मग कळलं की दार वाजतंय. वाजत नाही, कोणीतरी फोडतंय.

कडी काढली तर दारात आशाबाई आणि अर्धी गल्ली.

"कधीची हाका मारतेय तुझी आई!" आशाबाई किंचाळल्या. "मंदार, मंदार, छातीत दुखतंय रे, मंदार बघ ना! साऱ्या गल्लीला ऐकू आलं! पंधरा मिनिटं दार बडवतोय आम्ही! तू आत काय करत होतास?"

तो मागं वळला.

आत्या पलंगावर कुशीवर पडली होती. एक हात खाली लोंबत होता. त्या हाताच्या मुठीत त्याच्या शर्टाची कॉलर होती, फाटून आलेली. तो तिथंच बसला होता. तिच्या हाताला टेकून बसला होता.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर...

ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. कोणीच करत नाही.

घर विकलं. घेणाऱ्यानं हौद बुजवला, वर गाडी लावायला जागा केली. मंदारला मी दौलताबादला आणलं. त्याचे कान आता बरे आहेत. हाक मारली की बघतो, जेवायला वाढलं की जेवतो. काम सोडलंय. फोन मात्र सोडत नाही. दिवसातून कितीदा तरी कानाला लावून बसतो.

पहिल्या वर्षी मी एकदा विचारलं, "काय ऐकतोस रे?"

"काही नाही, दादा. शून्यावर आहे."

मला हायसं वाटलं. घरात आलो, पाणी प्यायलो, आणि मग त्याचंच जुनं बोलणं आठवलं. शून्य म्हणजे बंद नव्हे. चालूच असतो.

कोणाचा आवाज, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

इतकी वर्षं तो शून्यावरच होता. हे लिहायला बसलो त्याचं कारण परवाच्या दुपारचं. आमच्या इथं नळ आला. बायको मागच्या अंगणात भांडी लावत होती. मुलगी ओसरीत मंदारजवळ खेळत होती. मी आत आडवा पडलो होतो. थोड्या वेळानं बायको आत आली, कपाळाला आठ्या.

"चार हाका मारल्या तुम्हाला. ऐकू येत नाही का?"

नव्हत्या आल्या. एकही नाही.

मी उठून ओसरीत गेलो. मंदारनं माझ्याकडं बघितलं आणि फोनचा पडदा माझ्याकडं वळवला.

एक काडी चढली होती.